भांडण नसतानाच भेटू या!

सोसायटीची मीटिंग म्हणजे रविवारचं वाटोळं, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण माणसं मीटिंगला येतात, बोलतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना ओळखही दाखवतात, असं घडू शकतं. निमोण्याची ग्रामसभा, भिवंडीच्या मोहल्ला कमिट्या आणि गडचिरोलीतलं एक गाव यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच काही आहे.

लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार, सकाळी ११ वाजता, पार्किंगमध्ये. तुम्ही ती वाचता का? वाचलीत तर जाता का? आणि गेलातच, तर तोंड उघडता का? खरं सांगा हं!

बहुतेकांची उत्तरं मला माहीत आहेत, कारण गेले काही महिने मी भेटेल त्याला हेच विचारतेय. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी नाहीतर खराडी. शनिवारी कपडे, किराणा, झोप. रविवारी सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कुणाच्या तरी पार्किंगचं सात वर्षं जुनं भांडण ऐकण्याची हौस कुणाला असणार? त्यात तुम्ही भाड्यानं राहत असाल तर विषयच संपला.

पण बॉस, या 'मला काय त्याचं'ची किंमत कुणीतरी मोजतंच. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीचा खर्च मोठा होता, म्हणून मीटिंग बोलावली. दहाव्या मिनिटाला 'तळमजल्यावाल्यांनी पैसे का द्यायचे?' हा प्रश्न आला. पंधराव्या मिनिटाला कुणीतरी कुणाच्या तरी थकलेल्या मेंटेनन्सचा उद्धार केला. विसाव्या मिनिटाला दोघं उठून गेले आणि निर्णय लटकला. लिफ्ट बंद राहिली तीन आठवडे. तेवढे दिवस चौथ्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्या नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, जिने चढणार कशा? मीटिंगमध्ये त्यांचं नावही कुणी काढलं नव्हतं.

म्हणजे मीटिंगमध्ये नीट बोलणं हा नुसता मॅनर्सचा मामला नाही. नीट बोलणं झालं नाही की कुणाची तरी लिफ्ट बंद राहते.

तहकूब, तहकूब!

आता थोडा कायदा, घाबरू नका. महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. दोनशे फ्लॅट असले तरी फक्त २० माणसं लागतात! तीही जमत नाहीत. मग अर्धा तास वाट बघून सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अटच नसते. आलेले सात-आठ जण सगळ्यांच्या पैशांचा निर्णय घेऊन मोकळे. नंतर आपण लिफ्टमध्ये कुरकुरतो, की 'हे सगळं आधीच ठरलेलं असतं'. अहो, ठरवायला तिथं दुसरं होतं कोण?

थोडक्यात काय, तर दुखणी दोन आहेत. येणारे भांडतात आणि न भांडणारे येत नाहीत. गंमत म्हणजे दोन्ही दुखणी एकमेकांना पोसतात. आरडाओरडा होतो म्हणून शांत माणसं येत नाहीत, आणि शांत माणसं येत नाहीत म्हणून आरडाओरड्याला रान मोकळं मिळतं.

चला निमोण्याला

निमोणे हे माझं आजोळ. शिरूर तालुका, घोड नदीचं खोरं. पुणे-नगर हायवे सोडून आत वळलं की ऊस आणि कांद्याची शेतं सुरू होतात. सुट्टीत गेलं की कधीतरी ग्रामसभेची तारीख यायची आणि मामा टोपी चढवून निघायचा. लहानपणी मला वाटायचं, सभा म्हणजे मोठ्या माणसांचा भांडायचा क्लास. नंतर मासकॉम करताना कायदा वाचला आणि कळलं, की प्रकरण बरंच विचारपूर्वक बेतलेलं आहे.

ग्रामसभा म्हणजे निवडून आलेल्या पंचांची बैठक नव्हे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं तिला जागा दिली आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं तिला थेट राज्यघटनेत नेऊन बसवलं. वर्षातून किमान चार सभा घ्यायच्याच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या तारखा तर गावात तोंडपाठ असतात. कारण नसताना सभा टाळल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली सांगू? तारीख! सभा कॅलेंडरवर ठरते, भांडणावर नाही. गावात सगळं आलबेल असलं तरी १ मे येणार आणि सभा भरणार. आपल्याकडे बरोबर उलटं. काहीतरी पेटल्याशिवाय आपण एकमेकांची तोंडंच बघत नाही. मग पहिली ओळखच 'तुमची गाडी काढा' या वाक्यानं होते.

म्हणून गावच्या सभा गुण्यागोविंदानं होतात असं मुळीच नाही. आवाज चढतात, भावकी निघते, जुनी उणीदुणी निघतात. कितीतरी गावांत कोरमअभावी सभा तहकूबही होतात. मी मामाला विचारलं, "एवढं भांडता, मग परत बोलता कसे रे?" तो हसला. म्हणाला, "अगं, सभेला कितीबी भांडलं तरी सकाळी एकाच डेअरीला दूध घालायला जायचंय. तोंड चुकवून जायचं कुठं?"

हे मला फार पटलं. उद्या पुन्हा भेटायचंच आहे हे माहीत असलं की माणूस शब्द जरा जपून वापरतो. आपल्या टॉवरमध्ये डेअरी नाही. दूध पिशवीतून दाराला लटकतं. पुन्हा भेटण्याची सोय आपल्याला मुद्दाम करावी लागणार.

भिवंडी का पेटली नाही?

मुद्दाम केलेल्या अशा सोयीचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण भिवंडीत सापडतं. यंत्रमागांच्या या शहरानं १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी बंदोबस्त वाढवण्यावर न थांबता वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. अशा सुमारे ७० कमिट्या झाल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीनं, सोबत त्या भागातले पोलिस. नेते नकोत, रोजच्या जगण्यातली माणसं हवीत.

आणि ही माणसं भेटून काय बोलायची? धर्मावर व्याख्यानं? नाही. किरकोळ तंटे, वस्तीतल्या अडचणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारी. अगदी बोअरिंग विषय! पण त्या विषयांनी मोठं काम केलं. समोरच्याचं नाव माहीत झालं, घर माहीत झालं. कुठून अफवा आली तर खात्री करायला कुणाकडे जायचं, हे कळलं. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर १९९२-९३ मध्ये मुंबई होरपळत होती, तेव्हा हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'

म्हणजे मोठ्या प्रसंगी नीट बोलता यावं, यासाठी छोट्या विषयांवर आधी सराव लागतो. आणि हा सराव चालू ठेवावा लागतो. याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये एका पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला आणि पोलिसांसह काही जणांचे जीव गेले. एकदा जमलेली सवय आपोआप टिकत नाही.

आधी आकडे, मग आवाज

भेटणं तर झालं, पण भांडणाचा मुद्दा खराखुरा असेल तर? पाण्यासारखा? यासाठी शिरूरच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जाऊ, हिवरे बाजारला. दुष्काळानं आणि आपसातल्या तंट्यांनी हे गाव पार मोडकळीला आलं होतं. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा एक तरुण तिथं बिनविरोध सरपंच झाला. ते पोपटराव पवार, २०२० च्या पद्मश्रीचे मानकरी.

त्यांच्या गावची पाणलोटाची कामं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला भावतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, हे मोजून आकडे ग्रामसभेपुढे ठेवले जातात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी लावायची नाहीत, हे नियमही गावानंच स्वतःला घालून घेतले.

ऊस लावू नको असं शेजाऱ्याला सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पण समोर पावसाचा आकडा असला की वाद त्या आकड्याशी होतो, शेजाऱ्याशी नाही. आमच्या लिफ्टच्या मीटिंगमध्ये नेमकं हेच नव्हतं. कोटेशन सेक्रेटरींच्या फाइलमध्ये होतं. बाकी सगळे अंदाजावर भांडत होते!

एकट्याचा 'नाही' मोजला तर?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे ऐकलं असेल. गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्यामागची दोन नावं. इथली पद्धत ऐकून आपल्यासारख्या 'चला, हात वर करा' म्हणणाऱ्यांना घाम फुटेल. निर्णय बहुमतानं घेत नाहीत, सर्वसहमतीनं घेतात. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो. शिवाय अभ्यासगट असतो. तिथं निर्णय घ्यायचाच नाही, फक्त विषय समजून घ्यायचा.

किती वेळखाऊ, असं वाटतं ना? पण २००९ मध्ये याच गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्यांना मिळाला त्यांत ते होतं. २०११ पासून आपल्या जंगलातला बांबू गाव स्वतः विकू लागलं. वर्षानुवर्षं एकत्र बसून विचार करायची सवय नसती, तर हक्क मिळूनही तो सांभाळायचा कसा हा प्रश्नच होता.

आपल्या सोसायटीत सर्वसहमती जमेल का? प्रत्येक विषयात नाही. लिफ्ट बंद असताना पुढच्या सभेपर्यंत थांबता येत नाही. पण 'तुमचा विरोध का आहे?' हे मत मोजण्याआधी विचारता तर येतं. बऱ्याचदा विरोध करणाऱ्याला फक्त आपलं ऐकून घ्यायला हवं असतं.

आणि जे विरोधही करत नाहीत, त्यांचं काय? कुठल्याही गावच्या सभेत बघा, बायका कडेला नाहीतर मागं बसतात. म्हणूनच महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. आधी आपसात बोलायचं, विषय ठरवायचे आणि मग मोठ्या सभेत यायचं. पन्नास पुरुषांसमोर एकटीनं उठण्यापेक्षा, दहाजणींचं ठरलेलं सांगायला उठणं सोपं. 'सगळ्यांना बोलायची मुभा आहे' एवढं म्हणून भागत नाही. बोलायची वाट आधी करून द्यावी लागते. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींसाठी अशी वाट कुणी केली नव्हती.

मग रागवायचंच नाही का?

इथं एक धोका आहे. 'सभ्यपणे बोला' हे वाक्य अनेकदा 'गप्प बसा' याच अर्थानं वापरलं जातं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्याच पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे आणि एका वृद्धेचे जीव गेले. लोक रस्त्यावर उतरले, हायवे अडवला, वनखात्याची गाडी जाळली. जाळपोळीचं समर्थन कुणी करू नये. पण पोटचं लेकरू गेलेल्या घराला 'आवाज खाली' असं सांगणं हीसुद्धा सभ्यता नव्हे.

राग हा बोलण्यातला मजकूर असतो. तो ऐकायचा असतो. नको असतो तो अपमान. 'तीन आठवडे लिफ्ट बंद आहे, मला संताप आलाय' हे सभ्यच आहे. 'तुमच्यासारखे फुकटे असल्यावर दुसरं काय होणार' हे नाही. आधीच्या वाक्यातून प्रश्न कळतो. दुसऱ्यातून फक्त माणूस दुखावतो आणि प्रश्न आहे तिथंच राहतो.

करून बघा बॉस!

आता प्रॅक्टिकल बोलू. नेते, निधी, एनजीओ काही लागत नाही.

खुर्चीकडे बघून बोला. १८६३ मध्ये अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला एका चर्चच्या सभेचं अध्यक्ष केलं गेलं. सभा पार हाताबाहेर गेली. त्यानं ते मनाला लावून घेतलं, अभ्यास केला आणि १८७६ मध्ये सभाशास्त्राचं जे पुस्तक लिहिलं ते आजही वापरात आहे. त्यातली युक्ती साधी आहे. जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, समोरच्याला नाही. 'अहो कुलकर्णी, तुम्ही...' ऐवजी 'अध्यक्ष महाराज, माझं म्हणणं असं...' नाटकी वाटेल, पण करून बघा. अर्धा पारा तिथंच उतरतो.

आकडे आठ दिवस आधी लावा. एजीएमची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागतेच. तिच्याशेजारीच कोटेशन, शिल्लक, थकबाकीची एकूण रक्कम. थकबाकीदारांची नावं मात्र बोर्डावर नकोत, लाज काढल्यानं कुणी मीटिंगला येत नाही.

न बोललेल्याला आधी संधी. दोनदा बोललेल्यानं तिसऱ्यांदा हात वर केला, तर आधी एकदाही न बोललेल्यांना विचारायचं. ज्यांना उठून बोलवत नाही त्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या. ज्यांना यायलाच जमत नाही, त्यांच्या घरी आधी जाऊन विचारून यायचं.

भाडेकरूंना बोलवा. सभासद नसल्यानं त्यांना मत देता येत नाही, मान्य. पण लिफ्ट तेही वापरतात, पाणी तेही भरतात. पाहुणे म्हणून बसू द्या, सुचवू द्या.

निर्णय त्याच संध्याकाळी बोर्डावर. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. बोलल्यानं काहीतरी होतं हे दिसलं की पुढच्या वेळी माणसं येतात.

आमची लिफ्ट शेवटी कशी सुरू झाली, ते सांगायचं राहिलं. दुसरी मीटिंग झाली, पण तिच्या आधी दोन दिवस कोटेशन बोर्डावर लागलं होतं आणि आमच्यातल्या दोघी आजींकडे जाऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट मीटिंगमध्ये पहिल्यांदा सांगितली. मग तळमजल्यावरच्याच काकांनी विषय संपवला. म्हणाले, "माझ्या घरी येणारी माणसं लिफ्ट वापरत नाहीत, पण मी वरच्यांच्या घरी जातोच की." पार्किंगचा वाद अजून तसाच आहे, हे कबूल. सगळं एका दमात सुटत नसतं.

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत तुमच्या सोसायटीची एजीएम व्हायला हवी. ती कायद्यानंच होईल, तिची काळजी नको. तिच्या आधीचे महिने आपले आहेत. एखादा रविवार निवडा. गच्ची, दोन थर्मास चहा, पाऊण तास आणि एक अगदी फुटकळ विषय. कुंड्यांना पाणी कुणी घालायचं, हा चालेल. वाद होण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच तो घ्या.